आधी सांगा, भरणार काय?

माझ्या शेडमध्ये येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच मागणी घेऊन येतं : "मिस्त्री, बकेट वाढवून द्या." किती वाढवायची, असं विचारलं की दोन्ही हात फाकून दाखवतं. मशीन जेसीबीचं असो, दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असो, नाहीतर ट्रॅक्टरला पुढं बसवलेला लोडर असो, बोलणं तेच. मशीन तासाच्या भाड्यावर जातं. एका फेरीत जास्त माल उचलला तर तासात काम जास्त, हा मालकाचा हिशोब. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. मी चहा सांगतो आणि उलट विचारतो, भरणार काय?

आमचं शेड गडहिंग्लजात, संकेश्वर रोडला. या एका तालुक्याच्या आसपास बकेटमध्ये काय काय पडतं बघा. हरळीच्या आप्पासाहेब नलवडे कारखान्यात आणि गवसेच्या आजरा कारखान्यात बगॅस, म्हणजे उसाचा रस काढून उरलेला भुस्सा. गुऱ्हाळावर वाळलेलं चिपाड. हिरण्यकेशीच्या काठाला वीटभट्टीची माती. आजरा-चंदगडकडं जांभ्याचा चुरा. संकेश्वर-बांदा रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा खडी आणि मुरूम. उन्हाळ्यात शेणखत. शासनानं २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणल्यापासून तलावातला गाळ. ही सगळी कामं करणारी मशीनं बहुतेक एकाच मापाची, आणि त्यांच्या पुढच्या बकेटीही एकाच मापाच्या.

आपल्याकडं बॅकहो लोडरच्या पुढच्या बकेटचं नेहमीचं माप १.१ घनमीटर. आपण वाळू-मुरूम ब्रासमध्ये मोजतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. त्यामुळं अडीच बकेटांना साधारण एक ब्रास पडतो, हे कुठलाही ड्रायव्हर झोपेत सांगेल. पण ब्रास हे जागेचं माप आहे, वजनाचं नाही, आणि सगळी गडबड तिथंच होते. सुट्या मुरमाचा घनमीटर धरा १६०० किलोच्या आसपास. ओला गाळ १७०० च्याही वर जातो. सैल बगॅस मात्र घनमीटरला १२० ते १५० किलो, आणि त्यातही निम्मं पाणीच असतं.

आता हिशोब करू. १.१ घनमीटरच्या बकेटमध्ये मुरूम भरला तर पावणेदोन टन. बगॅस भरली तर, घनमीटरला १३० किलो धरून, जेमतेम १४३ किलो. म्हणजे पावणेदोन टन पेलणारं मशीन कारखान्याच्या यार्डात दीडशे किलोसुद्धा न उचलता पुढं-मागं पळत असतं आणि डिझेल मात्र पुरं पितं.

आणि यार्डात बगॅस थोडीथोडकी नसते. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघते. दिवसाला अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज सातशे-साडेसातशे टन. त्यातली बरीचशी पट्ट्यावरून सरळ बॉयलरला जाते. उरलेली यार्डात येते, तिचे ढीग रचायचे, पावसाच्या आधी झाकायचे, कागद कारखान्याच्या गाड्या भरायच्या, सहवीज प्रकल्प असेल तर पुन्हा पट्ट्यावर घालायची. शंभर टन सैल बगॅस हलवायला नेहमीच्या बकेटनं सातशे फेऱ्या लागतात. तीच बकेट अडीच घनमीटरची असेल तर तीनशे दहा पुरतात. इथं बकेट मोठी करायला माझी ना नाही. उलट मीच मालकांच्या मागं लागतो.

मुरमाचं तसं नाही. मुरमाला कंपनीची बकेट आधीच पुरेपूर असते. तीत आणखी भरायचं म्हणजे मशीन मागून उठायला लागतं. लोडरचं पुढचं चाक म्हणजे तराजूचा काटा : पुढं बकेट आणि माल, मागं इंजीन आणि बॅकहो. आर्म आडवे झाले की माल चाकापासून सगळ्यात लांब असतो. त्या अवस्थेत मागची चाकं ज्या वजनाला जमीन सोडायला लागतात ते उलटण्याचं वजन. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणं चाकाच्या लोडरनं त्याच्या निम्मंच वजन वागवायचं, चेनच्या लोडरनं ३५ टक्के. एवढी सूट कशाला, म्हणून मालक कुरकुरतात. कारण ते वजन सपाट, टणक जमिनीवर, मशीन उभं ठेवून मोजलेलं असतं. ओल्या शिवारात, उताराला, वर उचललेल्या मालासकट ब्रेक मारला की काय होतं, ते त्या आकड्यात नसतं.

मालकांचा सगळ्यात लाडका उपाय म्हणजे मागच्या पत्र्यावर पट्टी मारणं. बकेटच्या पाठीला वरून वीतभर पत्रा जोडायचा की झालं. याचं गणित मी शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, म्हणजे रोज बोलायला लागत नाही. बकेट २.२ मीटर रुंद. ओठापासून पाठीच्या वरच्या काठापर्यंत तोंड समजा ९० सेंटिमीटर. पाठ २० सेंटिमीटर उंच केली तर वाढते ती एक त्रिकोणी फाक : अर्धा गुणिले ०.९ गुणिले ०.२, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. गुणिले रुंदी, जेमतेम ०.२ घनमीटर. तीही बाजूचे पत्रे तेवढेच चढवले तर, नाहीतर माल कडेनं सांडणार. एवढ्या जागेत बगॅस मावते २६ किलो, आणि सहा एमएमचा जो पत्रा आपण जोडला त्याचं वजन २१ किलो. वर कोपऱ्याचे आधार, अँगल, रॉड. २६ किलो भुश्श्यासाठी तेवढंच लोखंड सीझनभर वर-खाली करायचं. मुरमात त्याच पट्टीनं ३२० किलो वाढतात, आणि तिथं तर ते नकोच असतात.

पट्टीचा एक उपयोग मात्र खरा आहे. बकेट वर नेताना माल पाठीवरून मागं, थेट बोनेटवर सांडतो, तो अडतो. तेवढ्यासाठी लावायची असेल तर पत्रा नको, जाळी लावा किंवा उभ्या सळ्या मारा. ड्रायव्हरला पलीकडचं दिसलं पाहिजे. यार्डात माणसं हिंडत असतात.

दुसरी मागणी ओठ पुढं काढायची. म्हणजे बकेटचा तळ लांबवायचा. हे पट्टीपेक्षा वाईट, कारण नुकसान दिसत नाही. भरलेली कळशी काखेत धरली तर माणूस मैलभर चालतो. तीच हात लांब करून धरली तर दारापर्यंत पोचत नाही. मालाचा मध्य पुढच्या चाकापासून १.६ मीटरवर होता तो १.८५ वर गेला, तर मशीनची पेलायची ताकद तेरा-चौदा टक्क्यांनी घटली. जागा वाढली, ताकद उतरली. शिवाय ढिगात घुसून बकेट वळवायची ताकदही जाते. पिनपासून ओठ ८० सेंटिमीटरवर होता तो मीटरभर लांब नेला की ओठावरचा जोर वीस टक्के कमी. मग ड्रायव्हर म्हणतो, पंप उतरलाय. तिसरी गोष्ट गाडी भरताना कळते. बकेट ४५ अंशांत ओतताना, ३० सेंटिमीटर वाढवलेला ओठ २१ सेंटिमीटर खाली लोंबतो आणि ट्रॉलीच्या फळीला धडकतो.

यावर कुणीतरी हमखास सुचवतं, प्रेशर वाढवू या. हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह थोडा आवळला की मशीन जास्त उचलतं, हे खरंच आहे. पण तो व्हॉल्व्ह सुटतो तो होसपाइप, सील आणि आर्म वाचवायला. प्रेशरनं उलटण्याचं वजन एक किलोनंही वाढत नाही. फक्त मशीन उलटेपर्यंत उचलू शकतं. हे काम माझ्याकडं होत नाही. दुसरीकडं होतं, हे मला माहीत आहे.

मग करायचं काय? हलक्या मालासाठी वेगळी बकेट बनवायची, त्याच पिनांवर बसणारी. जुनीला हात लावायचा नाही. तासाभरात दोन माणसं पिना ठोकून बदलतात. बगॅसच्या सीझनला थोरली, एरवी कंपनीची. गिऱ्हाईक म्हणतं, एवढं लोखंड लागणार. लागतं, पण पट्ट्या मारून मारून बिघडवलेल्या बकेटचा पुढं भंगाराचाच भाव येतो.

थोरली बकेट मी आधी रुंदीनं वाढवतो, मग उंची-खोलीनं, आणि ओठ सगळ्यात शेवटी. रुंदीत मालाचा मध्य पुढं सरकत नाही, म्हणून ती वाढ स्वस्त. २.४ मीटरच्या पुढं मात्र जात नाही. यार्डाच्या फाटकाला आणि गावातल्या रस्त्यांना तेवढीच सोसते. तळ आणि पाठ मिळून एकच पत्रा, पाच एमएमचा, कोल्हापुरातून शिरोली एमआयडीसीतून वाकवून आणतो. आमच्याकडच्या रोलवर तेवढी रुंदी बसत नाही. वाक मोठ्या गोलाईचा पाहिजे. काटकोनी कोपरा ठेवला तर ओली बगॅस तिथं चिकटून बसते आणि ओतताना निम्मी आतच राहते. बाजूच्या पत्र्यांना पुढं थोडा फाकवा द्यायचा, म्हणजे ढीग आत शिरतो. पाठीमागं उभ्या रिबा, पिनांच्या कानांपासून थेट तळापर्यंत, कारण सगळा ओढा त्या कानांवर येतो. ओठाला सोळा एमएमची कटिंग एज. दात नाहीत. भुश्श्याला दात कशाला? दात लावले की कुणीतरी माती उकरायला नेणार, हे ठरलेलं.

अशी अडीच घनमीटरची बकेट वजनाला भरते पाचशे किलोच्या आत. त्यात बगॅस सव्वातीनशे. दोन्ही मिळून सव्वाआठशे किलो, म्हणजे नेहमीच्या बकेटमधल्या नुसत्या मुरमाच्या निम्मं. मशीनला कळतसुद्धा नाही. एका खेपेला पाऊण ब्रासच्या वर माल. आणि हीच बकेट मुरमात घातली तर चार टन.

वेल्डिंगबद्दल थोडं सांगतो, कारण बकेट मोडते ती नेहमी तिथंच. साध्या पत्र्याला सीओटू वेल्डिंग चालतं. पण कटिंग एज कडक पोलादाची असते, हार्डॉक्ससारखी, आणि तिला घाई सोसत नाही. रॉड कमी हायड्रोजनचा, भट्टीत वाळवलेला हवा; पावसाळ्यात उघड्या पुड्यातला रॉड वापरला की सांध्याच्या कडेला केसासारखी चीर पडते. एजला आधी थोडी ऊब द्यायची, पण २५० अंशांच्या वर तापवायचं नाही, नाहीतर ज्या कडकपणासाठी पैसे मोजले तोच उतरतो. आणि एका टोकाकडून सरळ ओढत जायचं नाही. इथं वीतभर, तिथं वीतभर, मधून सुरुवात करून दोन्हीकडं. नाहीतर ओठ केळ्यासारखा वाकतो आणि यार्डाची फरशी मधेच खरवडते.

दगड-खडीवाल्यांना माझा सल्ला वेगळाच असतो : जागा वाढवू नका, झीज वाचवा. तळाला झीजपट्ट्या, कोपऱ्यांना साइड कटर, आणि पिनांचे बुश वेळेवर बदला. बुश ढिला झाला की ओठ डुलतो, ढिगात नीट घुसत नाही आणि प्रत्येक फेरीला बकेट पाऊणच भरते. ग्रीसचा एक पंप मारला तर जो माल वाढतो, तो माझ्या कुठल्याही पट्टीनं वाढणार नाही. हे सांगताना माझाच धंदा बुडतो, पण असो.

जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी इंग्लंडात १९४५ मध्ये आपल्या आद्याक्षरांची जेसीबी कंपनी सुरू केली आणि १९५३ मध्ये त्यांचं पहिलं पुढं-मागं बकेटवालं मशीन आलं. भारतात ते १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर बल्लभगडला बनायला लागलं. तिथून आपल्या बांधापर्यंत यायला त्याला बराच काळ लागला, पण आल्यावर त्यानं एवढी तऱ्हेतऱ्हेची कामं अंगावर घेतली की मूळ बकेट आखणाऱ्यांनी ती स्वप्नातही पाहिली नसतील. निवडणुकीचा निकाल लागला की उमेदवारावर बकेटमधून गुलाल आणि फुलं उधळतात, हे त्यातलंच एक. झेंडूच्या पाकळ्या बगॅसहून फार जड नसाव्यात. त्या कामाला माझी थोरली बकेट फार शोभेल. फक्त पाकळ्यांबरोबर चार कार्यकर्ते आत उभे करतात, ते थांबवा. बकेट मालासाठी आहे, माणसांसाठी नाही.

बकेट बनवून घ्यायची असेल तर येताना एवढं मोजून आणा. बकेटच्या दोन्ही पिनांचा व्यास आणि त्यांच्यातलं उभं अंतर. दोन आर्मच्या आतली रुंदी. तुमच्या सगळ्यात उंच ट्रॉलीच्या फळीची जमिनीपासून उंची. यार्डाच्या फाटकाची रुंदी. आणि मालाचं वजन. मालाचं वजन काढायला गाड्यांचा वजनकाटा लागत नाही, एक पत्र्याचा डबा आणि साधा तराजू पुरतो. पंधरा लिटरचा तेलाचा डबा मालानं काठापर्यंत सैल भरा, वजन करा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करा, उरलेल्या किलोंना पंधरानं भागा आणि हजारानं गुणा. ते झालं घनमीटरचं वजन. डबा बगॅसचा भरला तर दोन किलोच्या आसपास येईल, मुरमाचा भरला तर चोवीस-पंचवीस. दोन्ही माल एकाच बकेटनं उचलायचे असतील तर चोवीसच लिहून आणा.