माडाचे खोड : अंतर्रचना, तंतू आणि न भरणारी जखम

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या अनेक बागा आडव्या झाल्या. अशा उन्मळून पडलेल्या माडाचे खोड आडवे कापून पाहावे. आंब्याच्या ओंडक्यात दिसणारे साल व लाकूड यांचे स्पष्ट थर येथे आढळत नाहीत. फिकट, मऊ भागात तपकिरी ठिपके विखुरलेले दिसतात. कडेला दाट, मध्याकडे विरळ.

माड ही एकदलिकित वनस्पती आहे. त्यातील प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचा जुडगा, अर्थात वाहक वृंद होय. त्याला जाड भित्तिकांच्या तंतूंची जोड असते आणि खोडाचे बळ या तंतूंतच आहे. वयानुसार तंतूंच्या भित्तिका अधिक जाड होतात. म्हणून जुन्या माडाच्या बुंध्याचा बाहेरील भाग सर्वांत कठीण असतो. त्याची घनता घनमीटरला 600 किलोंहून अधिक, तर गाभ्याची 400 किलोंहून कमी भरते. वासे व फळ्या बाहेरील भागातूनच काढाव्यात. साध्या करवतीचे दात मात्र त्यावर लवकर बोथट होतात. गाभा पाणी धरून ठेवतो, वाळताना आकसतो. बांधकामास तो निरुपयोगी.

बागायतदाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आंब्याच्या खोडात नव्या पेशी निर्माण करणारा ऊतककराचा थर असतो, माडात तो नसतो. आंब्याची जखम कालांतराने भरून येते, माडाची कधीच नाही. चढण्यासाठी पाडलेल्या खाचा माड जिवंत असेपर्यंत तशाच राहतात. त्यांत पाणी मुरते, आणि सोंड्या भुंग्याची मादी अशाच जखमांत अंडी घालते. अळ्या आतील मऊ भाग पोखरतात. बाहेरचे कठीण कवच शाबूत दिसत असल्याने छिद्रातून तांबूस स्राव व चोथा येईपर्यंत हानी ध्यानात येत नाही.

म्हणून खाचा पाडण्याची रीत सोडून शिडी किंवा माडावर चढण्याचे यंत्र वापरावे. हिरवी झावळी तोडावीच लागली तर देठाचा सुमारे 120 सेंमी भाग खोडावर राखावा. झालेल्या जखमेस डांबर लावावे. वादळात पडलेली खोडे वाडीत कुजत ठेवू नयेत. गेंड्या भुंग्याची पैदास त्यांतच होते.