गर्भपाताचा निर्णय कोणाचा? दीडशे वर्षांचा मागोवा

सोलापूर जिल्ह्यात गर्भपाताशी निगडित नैतिक पेचावर पहिला संस्थात्मक उपाय पंढरपुरात झाला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने, स्त्रीचा जीव वाचवण्याचा अपवाद वगळता, गर्भपात हा गुन्हा ठरवला आणि खुद्द गर्भवतीलाही शिक्षेस पात्र धरले; त्यातच उच्चवर्णीयांत विधवाविवाहास रूढीने मज्जाव असल्यामुळे, दिवस गेलेल्या विधवेपुढे चोरून गर्भ पाडणे, जन्मलेले मूल टाकणे किंवा स्वतःचा जीव देणे एवढेच मार्ग उरत. फुले दाम्पत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तर १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात तसेच गृह सुरू झाले. गुप्तपणे बाळंत होऊन मूल तेथेच ठेवण्याच्या सोयीमुळे मायलेकरांच्या जिवाचा दावा मान्य झाला. गर्भ ठेवायचा की नाही, हे मात्र विधवेला कोणी विचारले नाही.

पुढे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत केवळ तिचीच संमती लागेल, पतीची नाही, ही त्यातील दूरगामी तरतूद होती. तथापि बारा आठवड्यांपर्यंत एका आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे अनुकूल मत आवश्यक ठरल्याने, स्त्रीला मिळाला तो स्वतंत्र हक्क नसून सशर्त परवानगी होती.

गर्भजल परीक्षा व सोनोग्राफी यांचा वापर मुलगी नको म्हणून होऊ लागल्यावर प्रश्नाला वेगळे वळण लागले. स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची राज्यातील संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली. आज सोलापूरच्या नवी पेठेत असो वा खेड्यात, सोनोग्राफी केंद्राला लिंगनिदान होत नसल्याचा फलक दर्शनी भागी लावावा लागतो आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद ‘एफ’ नमुन्यात ठेवावी लागते. हा कायदा लिंगनिदानाला आवर घालतो, गर्भपाताला नव्हे. पण प्रचारात हा भेद पुसला गेला की वैध गर्भपात करण्यासही डॉक्टर कचरतात आणि मुलींसाठी केलेल्या कायद्याचा जाच बायांनाच होतो.

गेल्या दशकात न्यायालयांनी स्त्रीच्या बाजूला अधिक वजन दिले. कैदी स्त्रियांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गर्भधारणा पुढे न्यावी की नाही हा निर्णय स्त्रीचाच असल्याचे म्हटले. वैद्यकीय गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्यांत सामावून घेतले. त्या मर्यादेपलीकडे गर्भात गंभीर व्यंग असल्यास निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो.

गर्भ जसजसा वाढतो तसतसा त्याचा दावा बळावतो, हे मान्य केले तरी त्यावरून निर्णयाचा अधिकार तिसऱ्याकडे जावा, असे सिद्ध होत नाही. मुलगी नको म्हणून कुटुंबाने लादलेला गर्भपात आणि स्त्रीवर लादलेले बाळंतपण या दोहोंत तिची इच्छा सारखीच डावलली जाते. म्हणून लिंगनिदानाला विरोध आणि सुरक्षित गर्भपाताचा आग्रह या भूमिका एकमेकींना छेद देत नाहीत.