डिस्क-समूह असलेला सर्व्हर सुरू न होणे : निदानाचा क्रम

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाची सामग्री आता वहीत किंवा ध्वनिफितीवर क्वचितच राहते. बोलींची ध्वनिमुद्रणे, त्यांची लिप्यंतरे, शब्दसंग्रह हे सारे सर्व्हरमधील अनेक डिस्कांच्या समूहावर साठविलेले असते. त्यांतील काही सामग्री पुन्हा मिळण्याजोगी नसते. बुलढाणा जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या आणि कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चित नाते न सांगणाऱ्या निहालीसारख्या भाषेतील एखादे कथन मुद्रित झाले आणि कथन करणारी व्यक्ती पुढे निवर्तली, तर ते मुद्रण हाच त्या कथनाचा एकमेव पुरावा उरतो. असा सर्व्हर सुरू झाला नाही की सामग्री गेली, अशी भीती प्रथम वाटते. आणि त्या भीतीपोटी जे घाईचे उपाय योजले जातात, त्यांमुळेच ती पुष्कळदा खरोखर जाते. वस्तुतः सर्व्हर सुरू न होणे आणि सामग्री नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत. हा भेद कशामुळे पडतो आणि त्यावरून निदानाचा क्रम कसा ठरतो, याचे विवेचन येथे केले आहे.

१. डिस्क-समूहाचे स्वरूप

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांच्याकडून एका मोठ्या व विश्वसनीय डिस्कचे काम करून घ्यावे, हा विचार बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पद्धतशीरपणे मांडला. त्यांनी अशा समूहाला 'रेड' हे नाव दिले व त्याचे पाच प्रकार सांगितले. या सर्व प्रकारांचे मूलतत्त्व अतिरिक्तता हे होय, आणि ते भाषाभ्यासकाला अपरिचित नाही. 'मुली आल्या' या वाक्यात अनेकवचन नामातही आहे आणि क्रियापदातही आहे. गोंगाटात एक रूप नीट ऐकू आले नाही तरी दुसऱ्यावरून वचनाचा बोध होतो.

पहिल्या प्रकारात तीच सामग्री दोन डिस्कांवर जशीच्या तशी लिहिली जाते. पाचव्या प्रकारात काटकसर अधिक असते. तीन डिस्कांवर अनुक्रमे १, ० आणि १ हे अंक असतील, तर चौथीवर असा अंक लिहावयाचा की एकूण १ या अंकांची संख्या सम व्हावी; म्हणजे येथे ०. आता दुसरी डिस्क बंद पडली, तर उरलेल्या १, १ व ० या अंकांवरून गेलेला अंक ० होता हे निश्चित सांगता येते. या पडताळ्याच्या अंकाला समता-अंक म्हणता येईल. प्रत्यक्षात हे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कांवर वाटून ठेवलेले असतात. मात्र दोन डिस्क एकदम गेल्या तर एका समीकरणात दोन अज्ञाते उरतात आणि उत्तर मिळत नाही. दोन डिस्कांची हानी सहन करणारा सहावा प्रकार पुढे याच कारणाने प्रचारात आला.

२. सुरू होण्याची साखळी

'बूट' हा शब्द 'बूटस्ट्रॅप'चा संक्षेप आहे. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून आपणच स्वतःला उचलावे, अशी ती अशक्यप्राय कल्पना. संगणकापुढील अडचण नेमकी अशीच आहे : डिस्क वाचण्याचे ज्ञान ज्या कार्यप्रणालीला असते, ती स्वतःच डिस्कवर असते. ही अडचण पायरीपायरीने सोडविली जाते. प्रथम मुख्य फलकावरील चिपमध्ये कायम साठविलेली प्रारंभिक आज्ञावली स्मृती व इतर भाग तपासते. मग ती एखाद्या डिस्कवरील लहानसा प्रारंभक चालविते. लिनक्समध्ये हा प्रारंभक बहुधा 'ग्रब' असतो. प्रारंभक कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि त्यासोबत मोजक्या साधनांची एक तात्पुरती शिदोरी स्मृतीत आणतो. त्या शिदोरीतील साधने विखुरलेल्या डिस्कांवरील खुणा वाचून समूह जुळवितात. त्यानंतरच मूळ फाइल-व्यवस्था उघडते आणि शेवटी सामग्रीचे विभाग जोडले जातात.

कार्यप्रणालीनेच डिस्क-समूह सांभाळावयाचा असेल, तर साखळीच्या पहिल्या पायऱ्यांवर तो समूह अद्याप अस्तित्वातच आलेला नसतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. युईएफआय पद्धतीची प्रारंभिक आज्ञावली डिस्कवरील फॅट प्रकारचा एक छोटा विभाग वाचते. समूह म्हणजे काय हे तिला ठाऊक नसते. म्हणून सामग्री दोन डिस्कांवर असली तरी प्रारंभक एकाच डिस्कवर बसविलेला असणे संभवते. नेमकी तीच डिस्क बंद पडली की दुसरीवर सर्व काही सुखरूप असूनही यंत्र सुरू होत नाही.

३. लक्षणावरून स्थाननिश्चिती

यावरून निदानाचा पहिला प्रश्न ठरतो. काय बिघडले, हे आधी विचारावयाचे नाही. साखळी कोठे थांबली, हे विचारावयाचे.

(अ) पडद्यावर काहीच उमटत नाही किंवा केवळ सूचक ध्वनी ऐकू येतात. येथे दोष वीजपुरवठा, स्मृती वा मुख्य फलक यांपैकी कशात तरी असण्याचा संभव अधिक. डिस्कांना हात लावण्याचे कारण नाही.

(आ) सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा संदेश येतो. नवी डिस्क जोडल्यामुळे डिस्कांचा क्रम बदललेला असतो, किंवा मुख्य फलकावरील बटण-बॅटरी संपल्यामुळे जुन्या नोंदी पुसल्या जाऊन डिस्क-समूहाची निवड रद्द झालेली असते. प्रारंभक ज्या डिस्कवर होता ती बंद पडली असल्यासही हाच संदेश येतो.

(इ) प्रारंभक चालू होतो, पण ग्रबच्या आज्ञा-ओळीवरच थांबतो. याचा अर्थ एक डिस्क वाचली गेली. पुढील फायली मात्र अपेक्षित जागी मिळाल्या नाहीत.

(ई) कर्नेल चालू होतो, पण मूळ फाइल-व्यवस्था सापडत नाही. शिदोरीत समूह जुळविण्याचे साधन नाही, किंवा डिस्क अपुऱ्या असल्यामुळे समूह जुळलेला नाही.

(उ) सर्व काही होऊन यंत्र आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. आधुनिक लिनक्समध्ये विभागांच्या यादीत नोंदविलेला एखादा विभाग सापडला नाही तर सामान्यतः ९० सेकंद वाट पाहून असे घडते. डिस्कांची नावे त्या सापडतील त्या क्रमाने दिली जात असल्यामुळे कालची दुसरी डिस्क आज तिसरी ठरू शकते. म्हणून यादीत अशा नावाऐवजी विभागाची कायम ओळख-संख्या लिहावी आणि सामग्रीच्या विभागापुढे 'नोफेल' हा शब्द जोडावा. म्हणजे तो विभाग नसला तरी यंत्र सुरू होते.

यांपैकी (अ), (आ) आणि (इ) या तीन अवस्थांत सामग्रीचा समूह जुळविण्याचा प्रयत्नच झालेला नसतो. तेव्हा त्या अवस्था पाहून समूह मोडला असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून होत नाही.

४. वर्ज्य उपाय

हस्तलिखितांचा संपादक प्रती ताडून पाहण्यापूर्वी मूळ प्रतीवर दुरुस्ती करीत नाही. येथेही तोच दंडक पाळला पाहिजे. प्रथम प्रत्येक डिस्कची जागा व अनुक्रमांक लिहून घ्यावा. मग पेनड्राइव्हवरील लिनक्सने यंत्र सुरू करून डिस्कांवरील खुणा केवळ वाचाव्यात. लिनक्समधील समूहाच्या प्रत्येक डिस्कवर घडामोडींची एक मोजणी नोंदलेली असते. तीन डिस्कांची मोजणी सारखी व चौथीची मागे असेल, तर चौथी आधीच समूहातून बाहेर पडलेली होती, हे कळते. तिच्यावरील मजकूर जुना असल्याने तिला बळेच समूहात घेणे म्हणजे दोन काळांचे पाठ एकत्र मिसळणे होय.

'एमडीएडीएम' या साधनात समूह जुळविण्याची आज्ञा वेगळी आणि नवा समूह निर्माण करण्याची आज्ञा वेगळी आहे. पहिली अस्तित्वात असलेल्या खुणा मानते. दुसरी त्यांवर नव्या खुणा लिहिते, आणि डिस्कांचा क्रम चुकल्यास नवे समता-अंक लिहिताना जुना मजकूरही पुसला जाऊ शकतो. स्वतंत्र नियंत्रक-कार्ड असलेल्या सर्व्हरमध्ये दुसऱ्या यंत्रातून आलेला समूह 'परका' म्हणून दाखविला जातो. तेथे तो आयात करावयाचा की त्याची नोंद पुसावयाची, असा प्रश्न येतो, आणि घाईत दुसरा पर्याय निवडला जाण्याचा धोका असतो. फाइल-व्यवस्था दुरुस्त करण्याची आज्ञाही समूह योग्य रीतीने जुळल्याची खात्री होईपर्यंत चालवू नये. चुकीच्या क्रमाने जुळलेल्या समूहावर ती शुद्ध मजकूरच अशुद्ध समजून बदलते.

बंद पडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून समूह पुन्हा भरणे हाही निर्धोक उपाय नव्हे. त्यासाठी उरलेल्या सर्व डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकांत १०० लाख कोटी बिटांमागे, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटांमागे, न वाचता येणाऱ्या एका दोषाची मर्यादा पुष्कळदा दिलेली असते. मोठ्या समूहात इतके वाचन एका भरणीतच होते. म्हणून एकमेवाद्वितीय सामग्री असेल तेथे आधी प्रत्येक डिस्कची संपूर्ण प्रतिकृती काढावी आणि सारे प्रयोग त्या प्रतिकृतीवर करावे.

५. उपसंहार

डिस्क-समूह यंत्राच्या एका भागाच्या बिघाडापासून संरक्षण देतो. माणसाच्या चुकीपासून देत नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. तेव्हा समूह म्हणजे राखीव प्रत नव्हे, आणि दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या प्रतीची जागा तो घेऊ शकत नाही. कार्यप्रणाली व सामग्री वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवणे आणि प्रारंभक कार्यप्रणालीच्या प्रत्येक डिस्कवर बसविणे, हे दोन उपाय स्वस्त आहेत. राखीव प्रत तपासून झाल्यावर, ठरविलेल्या दिवशी यंत्र बंद करून एक डिस्क काढावी आणि यंत्र सुरू होते की नाही हे पाहावे. ही परीक्षा सवडीने झाली नाही, तर कधीतरी ती अवेळी होतेच. आणि त्या वेळी पणाला लागते ती अशी वाणी, जी पुन्हा ऐकविण्यास कोणी उरलेले नसते.