पुलाखालची नाव

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात कृष्णेला वारणा मिळते. पलीकडं कोथळी, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. या दोन गावांमध्ये पूल झाला, मग नावेचं काय झालं, एवढंच बघायला मी संगमेश्वराच्या घाटावर गेलो. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, सायकली, वऱ्हाडं, सगळं पूर्वी नावेनं जायचं. आता मोटारसायकली वरून भुर्रकन निघून जातात. नाव घाटाला बांधलेली होती, तळाशी चिखल वाळलेला.

"पूल पायजेच हुता," साठी उलटलेले नावाडी म्हणाले. "रात्री बाई अडली की काय हाल व्हायचं!" आणि लगेच, "पर सत्तावन्न फूट आलं की?"

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फूट ६ इंचांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. त्यांच्या बोलण्यात ते सत्तावन्न फिरून फिरून येत राहतं.

माझ्या आग्रहावरून त्यांनी नाव सोडली. समोरचा काठ गाठायचा तर समोर जायचंच नाही. काठाकाठानं बरंच वर जायचं, मग नाव तिरकी धारेत घालायची आणि धारेनंच तिला पलीकडं न्यायचं. मध्येच त्यांनी वल्हं उचलून धरलं. "आता वारणा ढकलणार." खरंच, नावेचं तोंड आपोआप वळलं. मला पाण्यात काहीच वेगळं दिसलं नव्हतं. त्यांनी पाण्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

ब्रह्मनाळचं नाव त्यांनीच काढलं. पलूस तालुक्यातलं हे गावही संगमावरचं, तिथं येरळा कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट तिथं उलटली आणि १७ जण गेले. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. घाबरलेल्या गर्दीला "आता बास, पुढच्या फेरीला" असं सांगायला आणि तिनं ते ऐकायला रोजचा, ओळखीचा नावाडी लागतो.

महापुरात पूल उभा राहतो, पण त्याला जोडणारा रस्ता पाण्याखाली जातो. एनडीआरएफची पथकं पुण्याकडून येईपर्यंत गावाच्या हाती गावचीच बोट. यांत्रिक बोट विकत मिळते. वारणा कुठं ढकलते हे ठाऊक असलेला हात फेऱ्या मारूनच तयार होतो, आणि फेऱ्या तर पुलानं संपवल्या. नावाड्यांचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. पट्टीचा पोहणारा, पण वल्हं त्यानं कधी धरलं नाही.

पूल झाला याचा मला आनंदच आहे. पण नदीकाठच्या प्रत्येक गावात दोन नावाडी बारमाही मानधनावर ठेवावेत, उन्हाळ्यात त्यांनी गावच्या पोरांना धारेत नेऊन शिकवावं. जोडरस्त्यांच्या डांबरीकरणापुढं हा खर्च किरकोळ आहे. नावाड्यांना विचारलं, शिकवाल का? "पोरं आणा," ते म्हणाले. "सत्तावन्न फूट यायच्या आत आणा."