आगबोटीवरील पाणी, चहा व फराळ

प्रवासाच्या इतिहासाचीं साधनें गोळा करणारे आमचे संशोधक जहाजाचें नांव, निघाल्याची व पोहोंचल्याची तिथि, भाड्याची रक्कम हीं काळजीपूर्वक टिपून घेतात. परंतु उतारूंनीं वाटेंत काय खाल्लें व काय प्यालें ही बाब किरकोळ समजून सोडून देतात. वस्तुतः समुद्रगमनाविषयीं जो वाद आमच्या समाजांत दीर्घकाळ चालला, त्याचें मर्म याच किरकोळ बाबींत आहे. आगबोटीवर मराठी उतारूचा फराळ जिभेनें ठरविला नाहीं, तो पाण्यानें ठरविला, असें आमचें म्हणणें आहे. आणि हें सूत्र ध्यानांत ठेवल्यास जमाखर्चाच्या जुन्या वह्यांतील कित्येक नोंदींचा अर्थ आपोआप उलगडतो.

(१) निषेध व त्याचा व्यवहार

समुद्रगमनाचा निषेध जुना आहे. बौधायन धर्मसूत्रांत पतित करणाऱ्या कर्मांमध्यें समुद्रसंयानाची गणना केली आहे, व पुढील निबंधकारांनीं तें कलिवर्ज्यांत घातलें. म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत (१९४६) कलिवर्ज्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. जिज्ञासूंनीं तो तेथेंच पहावा. आम्हांस येथें इतकेंच सांगावयाचें आहे कीं, व्यवहारांत हा निषेध खाऱ्या पाण्यापेक्षां गोड्या पाण्याशीं अधिक निगडित होता. किनाऱ्याकिनाऱ्यानें रत्नागिरीहून मुंबईस येणारा भिक्षुक आपलें पाणी व आपली शिदोरी घेऊन बसे आणि थोड्याच वेळांत जमिनीवर उतरे. त्यास प्रायश्चित्ताची गरज भासत नसे. विलायतेस जाणारा मात्र कित्येक आठवडे परक्याच्या हातचें पाणी पिणार, हें उघड होतें.

स्वयंपाकघरांतील नियमहि याच दिशेचा आहे. पाण्यांत शिजलेलें अन्न, म्हणजे भात, वरण, पाण्यानें भिजविलेल्या कणकेची पोळी, हें लवकर विटाळतें. तुपांत तळलेलें, दुधांत भिजविलेलें किंवा नुसतें भाजलेलें तितकें विटाळत नाहीं. दशमीचें पीठ पाण्याऐवजीं दुधांत भिजवितात तें चवीसाठीं खरें, पण केवळ चवीसाठीं नव्हे. ती प्रवासांत चालावी हाहि हेतु त्यांत आहे. दशम्या, तुपांतील लाडू, लाह्या, सुकें खोबरें, गूळ, केळीं, अशी जी ठराविक शिदोरी आपण प्रवासवर्णनांत व घरगुती आठवणींत पुनःपुन्हां पाहतों, तींतील प्रत्येक जिन्नस या एका नियमांत बसतो. शहाळें तर पाणी असूनहि पाणी नव्हे. कवटी फुटेपर्यंत त्यास कोणाचाच हात लागत नाहीं.

हा भेद केवळ सोवळ्याचा नव्हता, तूतकावरील सोयीचाहि होता. १८३४ सालापासून मॉरिशसला मजूर जाऊं लागले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं मराठी माणसेंहि होतीं. मजुरांच्या जहाजांवर वादळी हवेंत चूल पेटविणें अशक्य होई, व अशा दिवसांसाठीं चुडा, म्हणजे पोहे, यांसारखी कोरडी सामुग्री निराळी ठेवावी लागे. पुढें १८८७ सालीं देशी उतारूंच्या जहाजांविषयीं जो कायदा झाला, त्यांतहि उतारूंस पुरवावयाच्या वस्तूंमध्यें अन्नसामुग्री, सरपण व पाणी हीं पृथक् सांगितलीं आहेत. शिधा जहाजाचा घेतला तरी शिजविणारा हात आपला असावा, ही उतारूंची अपेक्षा सरकारासहि ठाऊक होती, हें या सरपणाच्या उल्लेखावरून दिसतें.

(२) मरोळचा शेजार व मुंबईचें पाणी

मुंबईहून निघणाऱ्या उतारूच्या तांब्यांत कोणतें पाणी असे, हा प्रश्न यापुढें येतो. पूर्वीं शहराची भिस्त विहिरी व तळीं यांवर होती. साष्टींतील मरोळ गांवाच्या उत्तरेस मिठी नदीला बांध घालून विहारचा तलाव करण्यांत आला. काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६० सालीं पाणी नळानें शहरांत आलें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां या गोष्टीस अवघीं तीन वर्षें लोटलीं होतीं. तुळशीचा तलाव १८७९ सालीं व तानसाचा १८९२ सालीं झाला. तोंपर्यंत मरोळच्या शेजारचें हें पाणीच मुंबईचा मुख्य आधार होता. म्हणजे १८६० नंतरच्या पिढींतील जो गृहस्थ घरून पाणी भरून आगबोटीवर चढला, त्याच्या फिरकीच्या तांब्यांत बहुधा मिठीचेंच पाणी होतें. फिरकीचा तांब्या हें पात्रहि संग्राहकांनीं जपावें असें आहे. आट्यांचें घट्ट झांकण असल्यामुळें हेलकाव्यांत पाणी सांडत नसे, आणि झांकण मिटलें कीं तें पाणी भरणाऱ्याचेंच राही.

राजेरजवाड्यांनीं हीच गोष्ट मोठ्या मापानें केली. जयपूरचे महाराज माधोसिंह हे १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभास गेले, तेव्हां त्यांनीं 'ऑलिंपिया' ही आगबोट स्वतंत्र भाड्यानें घेतली व प्रचंड रौप्यकुंभांत गंगाजल भरून नेलें. जयपूरच्या राजवाड्यांत ते कुंभ अद्याप पहावयास मिळतात. एकेकाचें वजन सुमारें ३४५ किलो आहे. गरीब भिक्षुकाचा फिरकीचा तांब्या व महाराजांचा रौप्यकुंभ यांत अंतर द्रव्याचें आहे, कल्पनेचें नाहीं.

(३) राघोबादादांचे वकील

या कल्पनेपायीं काय सोसावें लागे, याचें मराठ्यांच्या इतिहासांतील ठळक उदाहरण रघुनाथरावांच्या वकिलातीचें आहे. १७८१ सालीं रघुनाथरावांच्या वतीनें हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण व त्याजबरोबर मणियार रतनजी आणि त्याचा पुत्र कर्सेटजी हे दोन पारशी लंडनला पोहोंचले. तेथें त्यांच्या जेवण्याखाण्याचे फार हाल झाले. प्रसिद्ध वक्ता एडमंड बर्क यानें त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें आणि बागेंतील काचेचें मोठें घर त्यांना मोकळें करून दिलें. हेतु हा कीं, त्यांनीं आपला स्वयंपाक आपल्या रीतीनें करावा व आन्हिक उरकावें. यजमानानें पाहुण्यास स्वतःच्या पंगतीस न बसवितां निराळी चूल देणें हाच येथें मोठा सन्मान झाला, हें बर्कला उमगलें होतें.

परत आल्यावर काय घडलें, याविषयीं विल्फर्डनें 'एशियाटिक रिसर्चेस' मध्यें जी हकीकत दिली आहे ती अशी: राघोबांनीं विलायतेस पाठविलेले ब्राह्मण वकील पतित मानले गेले, व सोन्याच्या योनींतून बाहेर पडून पुनर्जन्माचा विधि केल्यावर त्यांस शुद्ध करून घेण्यांत आलें. विल्फर्ड दोन ब्राह्मण वकील सांगतो; बर्ककडील हकीकतींत ब्राह्मण एकच आहे. तेव्हां विल्फर्डचा वृत्तांत ऐकीव समजून वापरावा, हें बरें. परंतु ज्या माणसानें परक्या देशांत काचेच्या घरांत चूल मांडून आपला आचार राखला, त्याचा तो आचार घरीं परतल्यावर पुरेसा ठरला नाहीं, असें त्यावरून दिसतें. पाणी राखलें तरी तें राखल्याचा साक्षीदार कोण, हा प्रश्न उरतच असे.

(४) मद्य, चहा व ते देणारे हात

गोऱ्या खलाशांचें पेय निराळें होतें. तेंहि आमच्याच किनाऱ्यावर जन्मलें, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस नवी वाटेल. इंग्रजींतील 'पंच' हें मद्याचें नांव बहुतेक कोशकार आपल्या 'पंच' शब्दापासून काढतात. १६३२ च्या एका इंग्रजी पत्रांत तें प्रथम आढळतें. १६३८ सालीं सुरतेस आलेल्या मांडेल्स्लोच्या वृत्तांतांत तें आहे. आणि १६७२ ते १६८१ या काळांत इकडे व इराणांत फिरलेल्या फ्रायरनें पांच जिनसांवरून हें नांव पडल्याचें स्पष्ट लिहिलें आहे. माडाच्या ताडीपासून काढलेला अर्क, साखर, लिंबू, पाणी व मसाला अशी त्याची सामान्य कृति. यांपैकीं लिंबाचें महत्त्व पुढें निराळ्या कारणानें वाढलें. १७४७ सालीं जेम्स लिंड यानें लिंबू-संत्र्यांनीं खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा होतो असें प्रयोगानें दाखविलें, व १७९५ पासून इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस नियमानें मिळूं लागला. आमच्या कोकणी उतारूंनीं 'बोट लागणें' या विकारावर लिंबूच जवळ बाळगलें. त्याचा हेतु मात्र मळमळ थांबविण्याचा होता.

१८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेचा प्रवास आंखूड झाला व आगबोटीवरील मेज अधिक भरगच्च झालें. सकाळचा चहा, बिस्किटें, दुपारीं सोडावॉटर असा क्रम पडला. सोड्यास लोक 'विलायती पाणी' म्हणत. या नांवांतच त्याविषयींची शंका भरलेली आहे. हा चहा कोण देई? पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर कामें बहुधा अशीं वांटलेलीं असत: तूतकावर रत्नागिरीकडील व गुजराथेंतील खलाशी, एंजिनापाशीं पंजाब व सरहद्दीकडील मुसलमान, आणि दिवाणखान्यांत व भटारखान्यांत गोव्याचे ख्रिस्ती बटलर. म्हणजे सोवळ्याच्या दृष्टीनें पाहतां चहाचा प्रत्येक पेला परधर्मीयाच्या हातचा होता.

या पेल्याचा तंटा पेटला तो मात्र समुद्रावर नव्हे, पुण्यांत. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक वगैरे मंडळी व्याख्यानास जमली असतां त्यांजपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्यांची नांवें छापून आलीं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलें व प्रायश्चित्तांचा घोळ पुढें कित्येक महिने चालला. हें प्रकरण घडवून आणणारे गोपाळराव जोशी हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति होत. १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्याच महिन्यांत पंडिता रमाबाई मुंबईहून विलायतेस गेल्या. ज्या घरानें खऱ्या समुद्राचा प्रवास पाहिला होता, त्याच घरच्या पुरुषानें पुण्याच्या सुधारकांस एका पेल्यांत समुद्र दाखविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(५) कोकणची बोट

किनाऱ्यावरील आगबोटींचा प्रकार साधा होता. बोट खोल पाण्यांत नांगर टाकी व दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा बंदरांतून उतारू पडावांतून येऊन चढत. पावसाळ्यांत वाहतूक बंद असे. तूतकावर प्रत्येकाची पथारी, तिच्या उशाशीं ट्रंक, आणि ट्रंकेवर फडक्यांत बांधलेली शिदोरी. मुंबईहून गोव्यास एक दिवस व एक रात्र लागे. तेवढ्यास कोरडा फराळ पुरत असे. परंतु शेजारशेजारच्या पथाऱ्यांवर सर्व जातींचीं माणसें पडून असत, व हळूहळू बोटीवरील चहाचा पेला सर्वांच्या हातांत आला. येथें कोणी सभा भरविली नाहीं, कीं कोणास प्रायश्चित्त दिलें नाहीं. पुण्यांत ज्या गोष्टीनें वादळ उठलें, ती गोष्ट तूतकावर निमूटपणें रुळली. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनें हें दुसरें वर्तन अधिक अभ्यसनीय आहे.

ही उतारूंची वाहतूक १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संपली. २०१८ च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' हें पर्यटनाचें जहाज मुंबई-गोवा मार्गावर निघालें, तेव्हां त्यावर उपाहारगृहें व मद्यगृहें होतीं. शिदोरीचें प्रयोजन तेथें उरलें नाहीं. आतां परदेशचा उतारू मरोळास लागून असलेल्या सहारच्या विमानतळावरून जातो. तेथें हातांतील सामानांतून शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलींत कोणताहि द्रव नेतां येत नाहीं. कारण सर्वस्वीं निराळें, परंतु फळ तेंच: कोरडी शिदोरी आंत जाते, पाणी दारांत राहतें.

(६) संग्राहकांस सूचना

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचवितों. पहिली, प्रवासखर्चाच्या नोंदींत 'शिधा', 'फराळ' व 'पाणी' हे शब्द एकाच अर्थाचे समजूं नयेत. शिधा म्हणजे चूल आपली, फराळ म्हणजे चूल नाहीं, आणि पाण्याचा स्वतंत्र खर्च म्हणजे सोवळें सांभाळण्याचा प्रयत्न असण्याचा संभव. दुसरी, साष्टींतील ख्रिस्ती घराण्यांचे कागद गोव्याच्या बटलरांच्या कागदांत मिसळूं नयेत. मरोळ, कोंडिविटे इत्यादि गांवांतील हे लोक मूळचे येथलेच व घरांत मराठीच बोलणारे. बाहेरून आलेल्यांपासून आपण निराळे हें दाखविण्यासाठींच त्यांनीं १८८७ सालीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. आडनांवें दोहोंचींहि पोर्तुगीज असल्यानें घोटाळा सहज होतो. तिसरी, बोटीचें तिकीट, जेवणाची छापील यादी, चहाची पावती अशा चिटोऱ्यांस दप्तरांत जागा द्यावी.

मरोळच्या गांवठाणांतील जुनीं घरें पाडून त्या जागीं उंच इमारती उठत आहेत, व माळ्यावरील पेट्या रद्दीवाल्याकडे जात आहेत. सनदा व महजर यांस गिऱ्हाईक असतें, म्हणून ते वाचतात; खर्चाच्या वहीस तें नसतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें अशा घरांत जाणें-येणें आहे, त्यांनीं पेटी विकली जाण्यापूर्वीं तींतील वह्या एकवार उघडून पहाव्या, आणि समुद्रप्रवासाच्या खर्चाचें पान आढळल्यास त्याची नक्कल तरी मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.