मेल सर्व्हरसाठी अँटीव्हायरस निवडताना

तिजारतीचा कागद आता पोस्टाने कमी आणि ई-मेलने जास्त येतो. विट्याचे यंत्रमागाचे कापड असो, मिरजेची सतार असो की साताऱ्याच्या पेठेतील ठोक दुकान असो. बिल, मालाची बिल्टी, बँकेचा तपशील, परदेशी ग्राहकाची ऑर्डर हे सर्व मेलनेच येते-जाते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा आमच्या कारागीर बांधवांकडे अनोळखी पत्त्यांवरून येणारे मेलही वाढणार हे उघड आहे.

ज्यांच्याकडे दोन-तीन संगणक आहेत त्यांनी स्वतःचा मेल सर्व्हर ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिन्याचे ठराविक पैसे भरून एखाद्या मोठ्या कंपनीची मेलसेवा घ्यावी. तपासणी तेच करतात. परंतु काही कारखाने, छापखाने आणि मोठ्या पेढ्या आपला सर्व्हर स्वतःच्या जागेत ठेवतात, आणि खर्च वाचावा म्हणून तो लिनक्सवर किंवा फ्रीबीएसडीवर चालवतात. अशांनी अँटीव्हायरस मागितला की विक्रेता म्हणतो, "लिनक्सला व्हायरस लागतच नाही, कशाला खर्च करता?"

हे अर्धेच खरे आहे. लिनक्सच्या सर्व्हरला स्वतःला धोका कमी असतो, पण त्याच्यातून जाणारा मेल शेवटी मुनीमजींच्या विंडोजच्या संगणकावर उघडतो. वखारीचा दरवाजा लोखंडी आहे म्हणून आत येणारी गाठ कोणी न तपासता घेत नाही. कसर गाठीतून येते.

मग लिनक्ससाठी माल कमी का मिळतो? ज्याला गिऱ्हाईक तेच दुकानात, हा धंद्याचा नियम इथेही आहे. क्विक हील ही कंपनी उभी करणारे कैलास काटकर मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्तीकडे वळले, आणि दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली आहेत हे पाहून धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात त्यावर औषध तयार केले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. गिऱ्हाइकाच्या हातात जे यंत्र होते त्याच्यासाठी माल बनवला म्हणून तो खपला. आजही बहुतेक कंपन्या लिनक्सच्या ठराविक नावांना व ठराविक आवृत्त्यांनाच आधार देतात आणि फ्रीबीएसडीला तर फार थोड्या विचारतात. आइसलंडचे एफ-प्रॉट अशा यंत्रणांसाठीही मिळत असे; तेही २०२१ मध्ये बंद झाले.

राहते क्लॅमएव्ही. २००२ पासून असलेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २०१३ पासून सिस्को कंपनीच्या छत्राखाली आहे आणि लिनक्स, फ्रीबीएसडी दोन्हींवर चालते. मेल सर्व्हरला ते जोडता येते. मात्र फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. व्हायरसची सर्व यादी ते मेमरीत धरून ठेवते, म्हणून तीन-चार जीबी रॅम त्याच्यासाठी मोकळी हवी. अडगळीतल्या जुन्या यंत्रावर ते अडखळते. शिवाय ते बसवणारा व पुढे सांभाळणारा माणूस लागतो. त्याचा पगार हीच याची किंमत समजावी.

सांभाळणे म्हणजे काय, याचा दाखला १५ एप्रिल २०१० चा आहे. क्लॅमएव्हीच्या ०.९४ व त्याआधीच्या आवृत्त्या त्या दिवशी बनवणाऱ्यांनीच बंद पाडल्या. सूचना सहा महिने आधी दिली होती. ज्यांनी वाचली नाही त्यांचा स्कॅनर बंद पडला आणि कित्येक ठिकाणी मेलही अडकले. म्हणून बसवतानाच विचारून घ्यावे की स्कॅनर बंद पडला तर मेल थांबेल की न तपासता आत जाईल. आम्ही म्हणू, थांबावा. पाठवणारा सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, त्यामुळे मेल सहसा हरवत नाही, उशीर तेवढा होतो.

विकतचे घेणार असाल तर डब्यावर "लिनक्ससाठी" एवढे वाचून पैसे देऊ नयेत. आपल्या यंत्रणेचे नाव व आवृत्ती बिलावर लिहून घ्यावी. दुसरे असे की, डिस्कवर पडलेल्या फाइली तपासणारा अँटीव्हायरस वेगळा आणि मेल आत येतानाच अडवणारा वेगळा. सर्व्हरला दुसरा लागतो. पैसे यंत्रामागे आहेत की मेलपेट्यांमागे, हेही आधी ठरवावे. चोरीची कॉपी तर घेऊच नये. ती हलाल नाही, आणि रखवालदारच चोरीचा असेल तर त्याच्या हाती पेढीची किल्ली कशी द्यावी?

बसवून झाल्यावर परीक्षा घ्यावी. त्यासाठी आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल असते, जिला जवळजवळ सर्व अँटीव्हायरस व्हायरस म्हणूनच पकडतात. ती जीमेलवरून पाठवू नये, तिथेच अडेल. तंत्रज्ञाला थेट आपल्या सर्व्हरवर पाठवायला सांगावे. फाइल पोहोचली तर उरलेले पैसे देण्याची घाई करू नये.

आणि मूळ यंत्रणाच जुनी असेल तर वरचे औषध पुरत नाही. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी लावले नाही ते सापडले.

एका गोष्टीपुढे मात्र प्रत्येक अँटीव्हायरस हतबल आहे. ओळखीच्या पार्टीच्या नावाने साधा मेल येतो, "आमचे बँक खाते बदलले, रक्कम नव्या खात्यात भरा." त्यात व्हायरस नसतो, म्हणून तो खुशाल आत येतो. असा मेल आला की मेलमधल्या नंबरावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर फोन करावा आणि पार्टीचा आवाज ऐकूनच पैसे पाठवावेत. रक्कम गेलीच असेल तर त्याच तासाला १९३० वर फोन करून बँकेलाही कळवावे. पुढच्या खात्यातून पैसे निघाले नसतील तोवरच ते गोठवता येतात.