दिल्लीची रिज : महानगरातील सार्वजनिक वन

दिल्ली मेट्रोच्या विश्वविद्यालय स्थानकावर उतरून काही मिनिटे चालले की मोठ्या रहदारीचा रस्ता संपतो आणि काटेरी झाडांची एक उंचसखल पट्टी सुरू होते. सकाळी येथे फिरावयास येणारे नागरिक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि माकडांच्या टोळ्या यांची एकच गर्दी असते. यांपैकी अनेकांच्या दृष्टीने हे एक विस्तीर्ण उद्यान आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते वन आहे, आणि या दोन दृष्टींमधील अंतर हाच दिल्लीच्या रिजसंबंधीच्या बहुतेक वादांचा गाभा आहे. नागरी वनांचे व्यवस्थापन, वनविषयक कायदे आणि वनाच्छादनाचे मोजमाप हे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील तीन स्वतंत्र विषय येथे एकाच ठिकाणी भेटतात. त्यामुळे या वनाचा परिचय उपयुक्त ठरावा.

अरवलीचे उत्तर टोक

गुजरातपासून राजस्थान आणि हरियाणामार्गे दिल्लीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर पसरलेली अरवली ही जगातील अतिप्राचीन वली पर्वतरांगांपैकी एक होय. अबूजवळील गुरुशिखर हे तिचे १,७२२ मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर आहे. उत्तरेकडे येता येता ही रांग झिजून ठेंगणी होत जाते. दिल्लीत ती भोवतालच्या मैदानापासून जेमतेम काही दशक मीटर उंच राहते आणि वजिराबादजवळ यमुनेच्या काठी संपते. या शेवटच्या तुकड्यालाच 'रिज' असे इंग्रजी अमदानीपासूनचे नाव आहे. येथील खडक क्वार्टझाइट जातीचा असून त्यास भेगा पुष्कळ असतात. या भेगांतून पावसाचे पाणी खोल झिरपते. म्हणूनच भूजलाची टंचाई असलेल्या राजधानीत या ओसाड दिसणाऱ्या खडकाचे मोल मोठे आहे.

आज ही रांग सलग राहिलेली नाही. रस्ते, वसाहती आणि लष्करी आस्थापना यांनी तिचे तुकडे पाडले आहेत. प्रशासकीय सोयीसाठी तिचे मुख्यतः चार भाग मानले जातात : उत्तर रिज ८७ हेक्टर, मध्य रिज ८६४ हेक्टर, मेहरौलीलगतची दक्षिण-मध्य रिज ६२६ हेक्टर आणि दक्षिण रिज सुमारे ६,२०० हेक्टर. एकूण क्षेत्र ७,७७७ हेक्टर भरते. सर्वांत लहान तुकडा लोकांच्या सर्वाधिक परिचयाचा आणि सर्वांत मोठा तुकडा सर्वांत अपरिचित, अशी येथील विसंगती आहे.

इतिहासाच्या खुणा

उत्तर रिजवर एका सकाळच्या फेरीत साडेबावीसशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो. हिंदुराव रुग्णालयाजवळ सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून येथे आणविला. अठराव्या शतकाच्या आरंभी फर्रुखसियरच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, आणि ते जोडून १८६७ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला. (फिरोजशहाने आणलेला दुसरा स्तंभ टोपरा येथील असून तो फिरोजशहा कोटल्यात आहे. परीक्षार्थींची या दोहोंत हमखास गफलत होते.) त्याच परिसरात 'पीर गायब' नावाची दुमजली वास्तू आहे. ती फिरोजशहाच्या शिकारमहालाचा भाग होती असे मानतात. राजाने शिकारमहाल बांधावा इतके हे रान त्या काळी समृद्ध होते, ही बाब या निमित्ताने लक्षात येते.

पुढे १८२८ मध्ये इंग्रजांनी टेकाडाच्या माथ्यावर गोल बुरुजासारखा फ्लॅगस्टाफ टॉवर बांधला. ११ मे १८५७ रोजी मेरठहून निघालेले शिपाई दिल्लीत दाखल झाले, तेव्हा शहरातील इंग्रज कुटुंबे याच बुरुजात आश्रयास आली होती. नंतर जून ते सप्टेंबर या काळात इंग्रज फौजेने रिजवरूनच शहराला वेढा दिला. त्या लढ्यात पडलेल्या कंपनीच्या बाजूच्या सैनिकांचे स्मारक १८६३ मध्ये उभे राहिले. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ मध्ये, त्याचे 'अजितगढ' असे नामांतर झाले. मूळ लेखात ज्यांना 'शत्रू' म्हटले आहे ते भारतीय स्वातंत्र्यसैनिक होते, असा खुलासा करणारा फलकही तेथे लावण्यात आला. मूळ मजकूर खरवडून न टाकता त्याशेजारी उत्तर कोरणे, हा इतिहासाशी वागण्याचा एक प्रगल्भ मार्ग म्हटला पाहिजे.

इतर भागांतही सहज पोहोचण्याजोगी स्थळे आहेत. मध्य रिजवर बुद्ध जयंती उद्यान आणि तुघलक काळातील मालचा महाल आहे. मेहरौलीजवळच्या संजय वनात लाल कोटच्या तटबंदीचे अवशेष झाडीत दडलेले आहेत, आणि तटावर चढल्यास कुतुबमिनार दिसतो.

झाडे कोणती आणि कोठली?

चँपियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणानुसार रिजवरील वन हे उष्णकटिबंधीय काटेरी वनाच्या गटात मोडते. कमी पाऊस, उथळ माती, पंचेचाळीस अंशांवर जाणारा उन्हाळा आणि थंडीतील गारठा या साऱ्यांना तोंड देणारी झाडेच येथे टिकतात. हिवर (स्थानिक नाव रोंझ), खैर, पळस, बोर, शमी, हिंगणबेट ही त्यांतील काही मराठी वाचकांच्याही ओळखीची आहेत. या भूमीचा खरा मानकरी मात्र 'धौ' हा वृक्ष होय. तो महाराष्ट्रातील धावड्याचा सख्खा भाऊ. गुरांनी शेंडे खाल्ले तर तो जमिनीलगत झुडपासारखा पसरतो आणि चराई थांबली की पुन्हा डोके वर काढतो. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होतात.

दिल्लीच्या सीमेवर, हरियाणाच्या फरिदाबाद जिल्ह्यातील मांगर बनी येथे धौचे रान आजही पाहावयास मिळते. तेथे ते टिकले ते गुदडिया दास बाबांवरील ग्रामस्थांच्या श्रद्धेमुळे. फांदीही तोडू नये, असा तेथील दंडक आहे. महाराष्ट्रातील देवराया ज्या भावनेने राखल्या गेल्या, तीच ही भावना.

रिजवर मात्र नजरेस पडतो तो बहुतांशी 'विलायती कीकर', म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेली विलायती बाभूळ. नव्या राजधानीच्या उभारणीच्या काळात उघडी टेकडी लवकर हिरवी व्हावी म्हणून ही झाडे लावण्यात आली. हेतू साध्य झाला, किंबहुना प्रमाणाबाहेर साध्य झाला. मुळे खोल जाणारी, गुरे ज्याची पाने सहसा खात नाहीत आणि तोडले तरी बुंध्यातून फुटणारे हे झाड हळूहळू सर्वत्र पसरले. त्याच्या छायेखाली इतर रोपे सहसा रुजत नाहीत. सरपण मिळते, माती धरून राहते, हे त्याचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु गवत, झुडपे, वेली, वृक्ष अशी थरांची रचना नसलेल्या रानात पक्षी आणि कीटक यांना थारा कमीच मिळतो.

त्यावर कुऱ्हाड चालवणे हा सोपा पण धोक्याचा उपाय आहे. एकाच वेळी सारे कीकर काढले, तर उघडी पडलेली माती एका पावसाळ्यात वाहून जाईल. म्हणून दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू यांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीत झाड लगेच तोडले जात नाही. त्याच्या फांद्या छाटून जमिनीवर ऊन येऊ देतात, त्या उजेडात देशी रोपे लावतात, आणि ती मोठी होऊन कीकरला मागे सारेपर्यंत थांबतात. हे काम वर्षांच्या नव्हे, दशकांच्या हिशेबाचे आहे. वार्षिक उद्दिष्टांच्या चौकटीत ते सहजासहजी बसत नाही.

हिरवे म्हणजे वन?

येथे मोजमापाचा प्रश्न उद्भवतो. 'भारत वनस्थिती अहवाल २०२३' नुसार देशाचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के असून वृक्षाच्छादन धरून हे प्रमाण २५.१७ टक्के होते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचे उद्दिष्ट एक-तृतीयांश आहे. तथापि वनाच्छादन याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. एक हेक्टर वा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षछत्राची घनता किमान १० टक्के आहे, ती सर्व जमीन त्यात गणली जाते. मग मालकी कोणाचीही असो, झाड कोणतेही असो. साहजिकच विलायती कीकरची दाट झाडी आणि धौचे जुने रान उपग्रहाच्या प्रतिमेवरून केलेल्या या गणनेत सारखेच गुण मिळवतात. उलटपक्षी, सरकारदप्तरी वन म्हणून नोंदलेले पण झाडे विरळ असलेले माळरान या आकड्यात येत नाही. त्याची नोंद 'अभिलिखित वनक्षेत्र' या वेगळ्या सदराखाली होते. टक्केवारी पाठ असूनही हा भेद न उमगल्यास उत्तर अपुरे राहते.

येणाऱ्यांचा भार

वन शहराच्या मध्यभागी असल्याचा लाभ उघड आहे. तिकीट, वाहन वा मार्गदर्शक यांवाचून सामान्य माणूस तेथे जाऊ शकतो. परंतु येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रथम पाऊलवाट फरसबंद होते, मग दिवे लागतात, बाके येतात, हिरवळ येते आणि हिरवळीसाठी पाणी येते. वनाचे उद्यानात रूपांतर एका निर्णयाने होत नाही. ते अशा प्रत्येकी निरुपद्रवी वाटणाऱ्या सुधारणांनी होते. माकडांचा उपद्रवही यातलाच. पुण्याच्या समजुतीने केळी-चणे टाकणाऱ्यांमुळे ती रान सोडून रस्त्यावर आली. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शहरातील माकडे पकडून दक्षिण रिजमधील असोला भाटी अभयारण्यात सोडण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

हे अभयारण्य म्हणजे रिजचा वेगळाच चेहरा. येथे एकेकाळी बांधकामाच्या रेतीसाठी टेकड्या पोखरल्या जात होत्या. खाणकाम थांबल्यावर खोल खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण कृती दलाने उघड्या भूमीवर वृक्षलागवड केली. आज तेथे नीलगायी, कोल्हे आणि बिबटेही वावरतात. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र याच अभयारण्यात चालते.

कायद्यातील दोन कलमांचे अंतर

रिजच्या काही भागाला संरक्षण मिळाले ते १९१३ मध्येच. मे १९९४ मध्ये सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन करण्याचा इरादा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४ अन्वये जाहीर झाला. 'इरादा' हा शब्द महत्त्वाचा आहे. कलम ४ नंतर वन जमाबंदी अधिकारी नेमला जातो. तो उद्घोषणा काढून किमान तीन महिन्यांची मुदत देतो, जमिनीवरील, चराईवरील, वाटांवरील हक्कांचे दावे ऐकतो, काही मान्य करतो, काही फेटाळतो आणि काहींचा मोबदला ठरवतो. हे सारे आटोपल्यावर कलम २० ची अंतिम अधिसूचना निघते, आणि तेव्हाच त्या भूमीला राखीव वनाचा पूर्ण दर्जा मिळतो. मधल्या काळात कलम ५ अन्वये नवे हक्क निर्माण होण्यास प्रतिबंध असतो. पण सीमा निश्चित नसल्याने अतिक्रमण सिद्ध करणे अवघड जाते.

दिल्लीत हा मधला काळ तीन दशकांहून अधिक लांबला. दरम्यान १९९५ मध्ये रिज व्यवस्थापन मंडळ स्थापन झाले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला. अधिसूचित नसलेल्या, परंतु रिजचीच भूरचना असलेल्या जमिनींनाही पुढे न्यायालयाच्या निगराणीमुळे संरक्षण मिळाले. तरीही २०२४ मध्ये दक्षिण रिजमधून रस्ता रुंद करण्यासाठी आवश्यक अनुमतीवाचून वृक्षतोड झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मे २०२५ मधील निकालात न्यायालयाने दिल्ली विकास प्राधिकरणाच्या संबंधित अधिकाऱ्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवून व्यापक वनीकरणाचे निर्देश दिले. हा रस्ता निमलष्करी दलांच्या रुग्णालयाकडे जाणारा होता. म्हणजे लोकोपयोगी काम विरुद्ध वन असा पेच तेथे होता, आणि आक्षेप रस्त्यापेक्षा तो करण्याच्या रीतीवर अधिक होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने रिज व्यवस्थापन मंडळाला पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली वैधानिक दर्जा देण्याचे निर्देश दिले. त्या वेळेपर्यंत कलम २० ची अधिसूचना निघाली होती ती शंभर हेक्टरांच्या आसपास क्षेत्रापुरती. त्यानंतर लवकरच दक्षिण रिजमधील चार हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित करण्यात आले. अधिसूचनेनंतरचे काम जमिनीवरचे आहे. मोजणी करून हद्दीचे खांब रोवावे लागतात, आणि गावांलगत जेथे घरे वा फार्महाऊस उभी आहेत, तेथे तो खांब नेमका कोठे रोवायचा याचा निर्णय नकाशा हाती घेऊन करावा लागतो.